बार्देशातल्या आमच्या गावची इगर्ज आणि जुन्या इमारती : इतिहास कुठे शोधावा?

शाळेतल्या बाई

सगळ्यांना नमस्कार. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एका लहान गावात मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा चौथीच्या मुलांना घेऊन ‘आमचा गाव’ अशी पुस्तिका करायला घेतली आहे. वर्गात गावातल्या हिंदू घरांतली मुलं आहेत, काही ख्रिस्ती घरांतली आहेत आणि कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांतलीही आहेत. सगळ्यांना धरून ठेवील असा धागा हवा होता, म्हणून गावातल्या जुन्या इमारतींपासून सुरुवात करायची ठरवली. पण ज्या भिंती आम्ही रोज बघतो त्यांच्याविषयी खात्रीनं सांगणारं माणूस गावात सापडेना. प्रत्येक घरात वेगळी गोष्ट ऐकायला मिळते.

जे डोळ्यांना दिसतं तेवढं लिहिते. इगर्ज, म्हणजे चर्च, खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या) कडेला, जरा उंचवट्यावर आहे. दर्शनी भिंतीवर अगदी वर 1748 असं साल आहे. घंटेवर मात्र 1693 आहे असं सांक्रिस्तांव, म्हणजे इगर्जीचा सेवक, सांगतो. आतला मुख्य आल्तार (पूजेची वेदी आणि तिच्यामागची कोरीव लाकडी चौकट) फार देखणा, सोनेरी मुलाम्याचा, पण जागेत दाटीनं बसवल्यासारखा दिसतो. डाव्या बाजूच्या देवदूताचा पंख तर अर्धा कापलेला आहे. इगर्जीच्या मागे जांभ्या चिऱ्यांच्या पडक्या भिंती आहेत, तीन-चार खोल्या असाव्यात. गावात त्याला ‘कोंवेंत’, म्हणजे मठ, म्हणतात. रस्त्यापलीकडे शिंपल्यांच्या खिडक्यांचं एक मोठं घर कुलपात आहे, मालक परदेशात. आणि शेताच्या वाटेवर दगडी पायऱ्यांची एक तळी आहे. तिच्याविषयी कुणी काही बोलतच नाही.

माझे प्रश्न असे. इगर्ज 1748 ची धरायची की त्याआधीची? ‘कोंवेंत’ खरंच कोंवेंत असेल का? इथे आधी देऊळ होतं असं काही जण म्हणतात; मुलांना काय सांगावं? मला पोर्तुगीज येत नाही, तर कागद कुठे आणि कसे बघायचे?

आणखी एक काळजी आहे. इगर्जीची देखभाल बघणारी फाबरीक समिती पावसाआधी बाहेरचा जुना गिलावा काढून सिमेंटचा करायच्या विचारात आहे. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे मी काही बोलणं बरं दिसेल की नाही तेही कळत नाही.

चिरेबंदी

बाई, मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो, तिसवाडी (पणजीकडचा तालुका) आणि बार्देश दोन्हीकडे. कागदांतलं मला फार कळत नाही, भिंतींतलं सांगतो.

मागच्या पडक्या भिंतींपासून सुरुवात करा. जिथे गिलावा पडला आहे तिथे चिऱ्यांमधला सांधा बघा. जुना चुना पांढुरका असतो, नखानं खरवडला तर थोडा सुटतो, आणि पुष्कळदा त्यात शिंपल्यांचे न जळलेले तुकडे दिसतात, कारण आपल्याकडे चुना शिंपले भाजून करत. सांधा करडा आणि कडक असेल तर तो सिमेंटचा, म्हणजे विसाव्या शतकातला हात. नुसत्या मातीत बसवलेले चिरेही सापडतील. ती बहुधा कमी खर्चाची कामं, म्हणजे कुंपणं, आडोसे, स्वयंपाकाच्या खोल्या. एकाच भिंतीत दोन तऱ्हा दिसल्या तर ते टिपून ठेवा. भिंत तिथे वाढवली आहे किंवा पडल्यावर पुन्हा उभी केली आहे.

मग छप्पर. मंगळुरी कौलं आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याआधी अर्धगोल नळे. इगर्जीवर किंवा त्या बंद घरावर आज मंगळुरी कौलं असतील, पण पडक्या भागात मातीत नळ्यांचे तुकडे मिळाले तर तो भाग मंगळुरी कौलं येण्याआधीच छपराखाली होता असं मानायला जागा आहे. आता एक सावधगिरीची गोष्ट. पुष्कळ कौलांवर बासेल मिशनचं नाव आणि 1865 छापलेलं असतं. ते मंगळूरला कारखाना सुरू झाला त्याचं साल आहे. कौल पुढे पन्नास वर्षांनी भाजलेलं असलं तरी शिक्का तोच. त्यावरून छपराचं साल लिहू नका. हे चुकीचं साल मी छापील पुस्तकातही पाहिलं आहे.

शिंपल्यांच्या खिडक्या म्हणजे काच महाग होती तेव्हाची सोय. चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवायचे. उजेड येतो, ऊन लागत नाही. पुढे बल्कांव, म्हणजे बसायची पडवी, असेल तर तो घरापेक्षा नंतरचा असू शकतो. बल्कांवाची भिंत मुख्य भिंतीत गुंफली आहे की नुसती टेकवली आहे ते बघा.

गिलाव्याबद्दल नंतर लिहितो, ते सविस्तर लिहायला हवं. तोवर एवढंच, की समितीला थांबवता आलं तर थांबवा.

दप्तरदार

बाई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी नोकरी जुन्या पोर्तुगीज कागदांत गेली आणि निवृत्तीनंतरही मी त्यांतच आहे. थोडं सविस्तर लिहितो, तुम्हाला हवं ते घ्या.

इगर्जीचं एकच साल शोधू नका. गाव, त्याची पॅरिश (एका इगर्जीखालचा भक्तसमाज), पहिली इगर्ज, आज उभी असलेली इमारत, तिची दर्शनी भिंत आणि आतलं सामान, या प्रत्येकाचं साल वेगळं असू शकतं, आणि गोव्यातल्या खेड्यांत बहुतेक वेळा ते वेगळंच असतं. तुम्ही दिलेल्या तीन गोष्टी बघा: भिंत 1748, घंटा 1693, आल्तार जागेत न मावणारा. या तिन्ही एकमेकींच्या विरोधात आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण मला त्यात एक सलग गोष्ट दिसते. तिला कागदाचा आधार मिळेपर्यंत तो माझा तर्कच, हेही आधीच सांगतो.

पोर्तुगीजांकडे बार्देश आणि साष्टी (दक्षिण गोव्यातला तालुका) आले ते 1543 साली. धर्मप्रसाराचं काम ख्रिस्ती धर्मसंघांना वाटून दिलं होतं: साष्टीत जेझुइट, बार्देशात फ्रान्सिस्कन. बार्देशातली पहिली इगर्ज रेइश मागुशची, 1555 ची. त्यानंतर सोळाव्या शतकाच्या उरलेल्या काळात आणि पुढच्या शतकात गावोगाव इगर्जी उभ्या राहिल्या. त्या पहिल्या इमारती साध्या असत, काही तर मातीच्या भिंतींच्या आणि झावळ्यांच्या छपराच्या. आज जे भव्य दर्शन आपण बघतो ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेचं असतं. म्हापशाची इगर्ज घ्या. स्थापना 1594, पुन्हा बांधली 1719 ला, आणि 1838 मध्ये आगीत गेली म्हणून परत उभी केली. तिच्यापुढे उभं राहून ‘ही किती सालची?’ असं विचारलं तर तीन उत्तरं येतात आणि तिन्ही खरी असतात.

आता 1748. त्याआधीची साठेक वर्षं बार्देशाला फार जड गेली. 1683 च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा बार्देशात आणि साष्टीत उतरल्या. पुढे 1739 मध्ये पेशव्यांच्या फौजेनं साष्टी घेतली आणि बार्देशात सावंतवाडीचे भोसले आले. त्यांच्याकडून बार्देश परत घ्यायला पोर्तुगीजांना 1741 उजाडलं. आपण मराठी लोक या स्वाऱ्या आपल्या बाजूनं वाचतो. पण गावातल्या माणसाच्या दृष्टीनं, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती, त्या वर्षांत पीक गेलं, बांध फुटले, छप्परं जळाली. अशा काळानंतर सातेक वर्षांनी एखादं गाव आपल्या इगर्जीची भिंत नव्यानं उभारून तिच्यावर साल कोरतं, हे अगदी समजण्यासारखं आहे. मुलांच्या पुस्तिकेत ‘1748 साली बांधली’ असं न लिहिता ‘दर्शनी भिंतीवर 1748 साल आहे’ एवढंच लिहा. ते शंभर टक्के खरं आहे.

घंटा आणि आल्तार यांच्यासाठी वेगळ्या दिशेला बघावं लागेल, जुन्या गोव्याकडे, म्हणजे पोर्तुगीजांच्या जुन्या राजधानीकडे. साथीच्या रोगांनी ते शहर आधीच ओस पडत चाललं होतं. 1834 मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघ बंद केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले पुरुषांचे मठ रिकामे झाले. एवढ्या मोठ्या मठांतले आल्तार, घंटा, मूर्ती, पुल्पितं (प्रवचनाचे मंच), चांदी कुठे गेली? पुष्कळसं सामान खेड्यांतल्या इगर्जींत गेलं. पणजीच्या इगर्जीची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन संघाच्या मठाची. ती 1871 मध्ये आजच्या जागी चढली. त्या मठाचं छत 1842 मध्ये कोसळलं आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला, म्हणजे घंटा वेळीच हलली म्हणून वाचली. साळगावची इगर्ज तर 1873 ची, टोकदार कमानींची, गोव्यातल्या इतर इगर्जींपेक्षा वेगळीच दिसणारी; पण तिच्यातली मांय द देवची (देवमाता मरियेची) मूर्ती जुन्या गोव्याजवळच्या दावजीच्या मठातून आली आहे. इमारत तरुण आणि मूर्ती म्हातारी.

तुमच्या आल्ताराचा कापलेला पंख म्हणूनच मला इतका मोलाचा वाटतो. या इगर्जीसाठीच जो आल्तार घडवला असता त्याचा पंख कुणी कापला नसता. तो मोठ्या जागेसाठी घडला आणि इथे बसवताना सुताराला करवत चालवावी लागली. कोणत्या मठातून आला ते आल्तारावरच कळण्याची शक्यता असते: मधल्या आणि वरच्या भागातले संत कोण आहेत ते बघा. फ्रान्सिस, आंतोनी असतील तर फ्रान्सिस्कन. हातात पेटतं हृदय घेतलेला बिशप असेल तर तो ऑगस्टिन. पायाशी मशाल तोंडात धरलेलं कुत्रं असेल तर दोमिनिक. मुलांना हा शोध फार आवडेल. एकेका मुलाला एकेक मूर्ती वाटून द्या आणि तिच्या हातात काय आहे ते काढायला सांगा.

‘कोंवेंत’बद्दल. लहान गावात खरा मठ असण्याचा संभव कमी. पण बार्देशातल्या इगर्जी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फ्रान्सिस्कनांकडे होत्या आणि प्रत्येक इगर्जीला लागून रेक्टराचं, म्हणजे तिथल्या पाद्र्याचं, घर असे. पाद्री संघाचा, म्हणून लोक त्याच्या घराला कोंवेंत म्हणत राहिले असतील. दुसरी शक्यता मला जास्त आवडते, ती म्हणजे पॅरिशची शाळा. इगर्जीच्या शेजारी मेस्त (शिक्षक) मुलांना दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकवी आणि त्याबरोबर सोल्फा (सुरांचं वाचन) आणि व्हायोलिन. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत जे गोंयकार वादक पुढे गाजले त्यांच्यातल्या पुष्कळांची बोटं अशाच शाळांत तयार झाली. तुमच्या पडक्या भिंतींत ती शाळा असली तर तुमची शाळा गावातली पहिली ठरत नाही, आणि ही गोष्ट चौथीच्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. इगर्ज बांधली कुणी? लोक म्हणतात पोर्तुगीजांनी. पैसा कुणाचा होता ते विचारा. बहुतेक खेड्यांत तो गावकरीचा होता, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळणाऱ्या, आज जिला कोमुनिदाद म्हणतात त्या संस्थेचा. गावकरी पोर्तुगीजांच्या फार आधीपासूनची आहे. 1526 च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगीजांनी तिचे चालत आलेले रिवाज लिहून काढले, निर्माण केले नाहीत. खाजनाचा बांध राखायचा, मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारं भरती-ओहोटीला उघडायची-लावायची, शेतांची पावणी (लिलाव) करायची, आलेल्या उत्पन्नातून सरकारचा सारा भरायचा, देवाचा खर्च करायचा, आणि उरेल ते जोण म्हणून गावकारांत वाटायचं. आधी देवाचा खर्च म्हणजे देऊळ, भट, वाजंत्री. नंतर त्याच खात्यात इगर्ज, पाद्री, फेस्ताचे (इगर्जीच्या उत्सवाचे) वादक आले. शेत तेच, बांध तोच, वांगड (गावकारांची कुळं) तेच. कुळकर्ण्याच्या वहीत खर्चाचं नाव बदललं. तुमच्या इगर्जीची भिंत आणि शेजारच्या खाजनाचा बांध एकाच पैशातून राखले गेले आहेत. ज्या तळीविषयी गावात कुणी बोलत नाही तिचाही खर्च त्याच वहीत सापडेल, बघा.

म्हणून कागद शोधायची सुरुवात इगर्जीतून करू नका, कोमुनिदादीतून करा. बार्देशच्या कोमुनिदादींचं प्रशासन म्हापशाला आहे. जुन्या वह्यांतल्या पुष्कळशा पणजीच्या पुराभिलेखागारात गेल्या. हे दफ्तर 1595 मध्ये सुरू झालं, आणि विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते लावून वाचण्याजोगं केलं. फ्रान्सिश्कु पाइशनं 1595 मध्ये तिसवाडी, साष्टी आणि बार्देशच्या जमिनींचा जो तोंब, म्हणजे नोंदवही, तयार केला होता तो पिसुर्लेकरांनीच संपादून 1952 मध्ये बस्तोड्याहून छापला. त्यात तुमच्या गावाचं पान आहे का ते आधी बघा. सगळ्यात जुन्या गावकरीच्या वह्या गोयकानडी या जुन्या लिपीत आहेत, त्या सोडून द्या, त्या वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकोणिसाव्या शतकासाठी सरकारी बोलेतीं, म्हणजे राजपत्र, चाळा, तो 1837 पासून निघू लागला; त्यात गावकऱ्यांच्या सभांच्या आणि पावणींच्या सूचना असतात. पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, फेस्तांच्या आणि डागडुजीच्या बातम्या त्यांत मिळतात. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रातही जा, तिथले लोक मदत करतात.

पोर्तुगीज येत नसल्याची चिंता नको. पहिल्या खेपेला वाचायला जाऊच नका, फक्त गावाचं नाव असलेली पानं शोधून त्यांचे क्रमांक लिहून आणा. ते क्रमांक इथे टाका, वाचून देण्याचं काम माझं.

राहिला देवळाचा प्रश्न. तो टाळू नका, पण अंदाजानं उत्तरही देऊ नका. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी आणि बार्देशातली देवळं पाडली गेली, हे पोर्तुगीजांच्याच कागदांत आहे. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला, मडगावचा दामोदर जांबावलीला, करमळीचा ब्रह्मदेव सत्तरीत. पण ‘इगर्जीच्या खाली देऊळ आहे’ हे प्रत्येक गावात म्हटलं जातं आणि प्रत्येक गावात ते खरं नसतं. देवळाच्या जमिनी नंतर इगर्जीला लागल्या, म्हणून आठवणीत जागाही एक झाली, असंही घडलं आहे. तुमच्या गावचा जुना देव आज कुठे आहे ते शोधा. त्या देवस्थानाच्या महाजनांच्या (हक्कदार कुळांच्या) यादीत तुमच्या गावाचं नाव असेल, आणि ती यादी मराठीतही असू शकते.

राशोलची सून

बाई, नमस्कार. मी ख्रिस्ती. माहेर तुमच्याच बार्देशात, लग्न करून साष्टीत आले. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, म्हणून वाचायचं वेड मराठीत आहे. दप्तरदार सरांनी कागदांचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून बोलायला संकोच करता, तो करू नका. पाद्र-विगाराला, म्हणजे इगर्जीच्या मुख्य पाद्र्याला, भेटा, मुलांना घेऊन भेटा. सकाळच्या मिसानंतरची (प्रार्थनेनंतरची) वेळ बरी. पुस्तिकेचं सांगा आणि इगर्जीच्या वह्या बघायला मिळतील का ते विचारा. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या वह्या वेगळ्या. आणि फाबरिकेच्या व कोन्फ्रारीच्या (भक्तमंडळाच्या) हिशेबाच्या वह्या वेगळ्या. तुम्हाला हिशेबाच्या हव्यात. आल्तार आणला असेल तर बैलगाडीचे, होडीचे, सुताराचे पैसे कुणीतरी लिहिलेलेच असणार. सरकारी जन्म-मृत्यूची नोंद आपल्याकडे 1914 पासूनची, त्याआधीचं माणूस शोधायचं तर इगर्जीची वही हाच आधार. पण बाप्तिस्म्याच्या वह्यांतून लोकांच्या घरच्या गोष्टी बाहेर येतात, कुणाचे पूर्वज कोण होते ते. म्हणून ती वही मुलांच्या हाती देऊ नका.

जमिनीवरचे थडग्याचे दगड पाहिलेत का? जुन्या इगर्जींत माणसं आतच पुरत. दगडावर नाव, साल, आणि पुष्कळदा ‘आणि त्याच्या वारसांचं’ असं पोर्तुगीजमध्ये कोरलेलं असतं. 1748 पेक्षा जुना एक दगड सापडला तर त्या भिंतीआधीही तिथे काहीतरी होतं याचा तो मोठा पुरावा. पाणी शिंपडून, ऊन तिरकं असताना बघा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा कोळसा मात्र घासू नका.

आणि देवळाबद्दल. आमच्या घरात याविषयी कधी लपवाछपवी नव्हती. माझ्या आजीला आमच्या गावचा जुना देव कुठल्या गावात गेला ते ठाऊक होतं, आणि तिथल्या जत्रेला आमच्याकडून तेल जायचं. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मरिया मातेला) शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला हिंदू बायका रांगेत उभ्या राहून तेल वाहतात, ते तुमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं असेल. चांदरला फादर एरास यांनी 1929 मध्ये खणून शिवाचं देऊळ उघडं केलं, डोकं नसलेला नंदी तिथे आजही बसलेला आहे, आणि त्याच चांदरचे ख्रिस्ती गावकार कार्नावालच्या दिवसांत मुसळ-खेळ खेळतात, जुन्या चंद्रपूरची, म्हणजे तिथल्या प्राचीन राजधानीची, आठवण काढून. माझ्या सासरच्या राशोलातच 1616 मध्ये फादर स्टीफन्सांचं क्रिस्तपुराण छापलं, मराठीत, ओवीत, लिपी रोमी. मला हे सगळं माझं वाटतं. तुमच्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलांनाही ते त्यांचं वाटलं पाहिजे, आणि देऊळ पाडल्याची गोष्ट सांगताना त्या मुलांकडे वर्गातल्या कुणी बोट दाखवणार नाही एवढं तुम्ही बघालच.

शिंपल्यांच्या घराचं म्हणाल तर मालकाला पत्र लिहा. परदेशातली माणसं घराविषयी कुणी आपुलकीनं विचारलं तर मनापासून उत्तर देतात. वाटणीच्या वेळी कोर्टात जो इन्व्हेंतार (मालमत्तेची यादी) झाला असेल त्याची प्रत मागा. त्यात खुर्च्या, खाटी, ताटांपासून आंब्या-माडांपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. घर कसं होतं ते त्यावरून जसं कळतं तसं फोटोवरूनही कळत नाही.

शाळेतल्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. विगार फार चांगल्या मनाचे निघाले, मुलांना त्यांनी आल्तारापर्यंत जाऊ दिलं. वर मध्यभागी एक बिशप आहे, हातात हृदय, त्यातून ज्वाळा निघताहेत! सर, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मुलांनी चित्र काढलं आहे. दाराजवळच्या एका थडग्यावर 17 पर्यंत स्पष्ट आहे, पुढचा आकडा 0 किंवा 6, शेवटचा झिजला आहे. मागच्या भिंतींत चुना आहे, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट, आणि मातीत नळ्यांचे तुकडे पुष्कळ. हिशेबाच्या वह्या कपाटात आहेत, पण वाळवी लागली आहे. विगार म्हणाले की समितीला विचारून दाखवतील.

गिलाव्याची बैठक येत्या रविवारी आहे. विगारांनी मला येऊन बोलायला सांगितलं आहे. काय बोलू?

दप्तरदार

पेटत्या हृदयाचा बिशप म्हणजे ऑगस्टिन. आल्तार ऑगस्टिनियनांच्या घरातून आला असण्याची शक्यता आता खूपच वाढली. पण त्यांची जुन्या गोव्यात एकाहून अधिक ठिकाणं होती, तेव्हा डोंगरावरच्या मोठ्या मठाचंच नाव इतक्यात लिहू नका. हिशेबाच्या वहीत 1835 नंतरची वर्षं आधी बघा. वाळवी लागलेली वही उघडण्याची घाई नको. पानं हातानं सोडवायला जाल तर ती जातील. पुराभिलेखागारात कागदांवर उपचार करणारे लोक आहेत, विगारांच्या सहीनं त्यांना पत्र द्या.

थडग्याचा तिसरा आकडा 0 निघाला तर तो दगड 1748 च्या आधीचा. तिरक्या उन्हात पुन्हा बघा, आणि 6 निघाला तरी तसंच लिहा.

चिरेबंदी

रविवारी हे बोला. मी समित्यांसमोर जसं बोलतो तसंच लिहितो.

चिरा पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, भिंत चार महिने ओली. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, भिंत उन्हाळ्यात वाळते. सिमेंटचा थर ते बाहेर पडू देत नाही. वरून भिंत गुळगुळीत आणि कोरडी दिसते, आत चिरा भिजलेला राहतो. मग पाणी आतल्या बाजूनं वाट काढतं, आणि तुमच्या इगर्जीत आतल्या बाजूला तो लाकडी आल्तार आहे. पाच-सात वर्षांत सिमेंट फुगून पापुद्रे पडतात आणि पडताना चिऱ्याचा वरचा थरही घेऊन जातात. ते नुकसान परत भरून निघत नाही. समितीला आल्तार दाखवा आणि ओल नेमकी त्याच्यामागे येईल एवढं सांगा. मग बाकीचे मुद्दे त्यांना लगेच पटतात.

ते विचारतील की चुना महाग, आणि करणारे गवंडी कुठे आहेत. खर्च जास्त आहे, खोटं सांगू नका. पण सगळा गिलावा काढायची गरज क्वचितच असते. लाकडी मुठीनं ठोकत जायचं. जिथे पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढायचा, बाकी जुना तसाच ठेवायचा. हिशेब केला तर काम पुष्कळदा निम्म्यावर येतं. आणि पावसाआधी घाईनं करू नका. चुना हळूहळू हवेतून पक्का होतो, त्याला पावसाच्या तोंडावर लावला तर धुऊन जाईल. यंदा फक्त छपरावरची फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा, पायाजवळ वाढलेली झाडं मुळासकट काढा, आणि नैऋत्येकडच्या भिंतीला पूर्वी लावत तशी विणलेली चुडतां (माडाच्या झावळ्या) बांधा. निम्मी ओल एवढ्यानंच थांबते. चुन्याचं काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात.

आधी मागच्या बाजूला एका हातभर जागेवर नमुना करून दाखवायला मी येईन, पैसे नको. विगारांना विचारून दिवस कळवा. चुना भिजवून मुरायला ठेवावा लागतो, तेव्हा निदान तीन आठवडे आधी सांगा.